बागुलबुवा नेचा



पावसाळ्यात ओढ्याच्या दरडीला, विहिरीच्या काठाला नेचा उगवतो. तुम्ही तो पाहिलाच असेल. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पिठासारख्या बारीक कणांपासून त्याची नवी रोपे होतात. या कणांना बीजाणू म्हणतात.

काही नेच्यांचे बीजाणू द्राक्षाच्या घोसासारखे दिसणाऱ्या पिशव्यांत भरतात. ते द्राक्षनेचे. त्यांतल्याच एकाची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेच्या उत्तरेला मोठमोठी सरोवरे आहेत. तिथे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही राज्ये आहेत. तिथल्या मेपल झाडांच्या रानात हा नेचा राहतो. उंची जेमतेम चार बोटे. पाचोळ्यात तो असा लपतो, की लोकांनी त्याचे नावच ठेवले बागुलबुवा!

हे रोप बारमाही आहे. पण वर्षाला पान एकच. एखाद्या साली तेही वर येत नाही. रोप मेले म्हणावे, तर पुढच्या साली पुन्हा हजर! मग ते जगते कशावर? त्याच्या मुळांत एक बुरशी असते. ती त्याला अन्न पुरवते. त्याचे बीजाणूही मातीतल्या अंधारातच रुजतात. म्हणजे पाचोळ्याचा जाड थर हेच त्याचे घर.

या घरावर आता संकट आले आहे. ते कुणी आणले? गांडुळाने!

तुम्ही म्हणाल, गांडूळ तर शेतकऱ्याचा मित्र. खरे आहे. आपल्या शेतात तो मित्रच आहे. पण त्या उत्तरेच्या मुलखावर पूर्वी बर्फाचे डोंगर होते. ते वितळून १०,००० वर्षे होऊन गेली, तरी त्या रानांत गांडूळ नव्हते. पुढे युरोपातून माणसे आली. त्यांच्या रोपांबरोबर, मातीबरोबर गांडुळे आली. मासे धरणाऱ्यांनी गळाला लावायला ती नेली आणि उरलेली तिथेच टाकली. गांडुळांनी पाचोळा खाऊन टाकला. थर गेला, नेच्याचे घर मोडले. मिनेसोटातल्या चिपेवा अरण्यात याचा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. जिथे गांडुळे शिरली, तिथला थर पातळ झाला होता आणि नेचा नाहीसा होत होता.

गांडूळ आपणहून वर्षाला पाच-दहा मीटरच सरकते. माणूस मात्र त्याला एका दिवसात कोसभर नेतो. आणि एकदा ते रानात शिरले, की बाहेर काढायचा उपाय नाही. म्हणून तिथे मासे धरणाऱ्यांना सांगतात, ‘उरलेली गांडुळे रानात टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.’

तेव्हा मंडळी, आपल्या गांडुळाला नावे ठेवू नका. त्याचा दोष नाही. एका जागचा मित्र दुसऱ्या जागी वैरी होऊ शकतो, एवढे ध्यानात ठेवा. परमुलखातले रोप, मासा की किडा आणण्याआधी जाणत्याला विचारा. आणायला एक दिवस पुरतो. घालवायला जन्म पुरत नाही.