तोंड उघडल्याशिवाय भाषा येत नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही साचेखात्यातले कामगार, शाळा जेमतेम नववीपर्यंत. परदेशी भाषांच्या उच्च शिक्षणावर आम्ही काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण साचेखात्यात आम्हीही एक भाषा शिकलो. शेकडो साचे एकदम धडधडत असताना कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही. सगळे बोलणे ओठांच्या हालचालीवर नि हातांच्या खुणांवर. बदली म्हणून लागलो तेव्हा काही कळेना. दोन महिन्यांत सगळे कळू लागले. शिकवणी नव्हती, पुस्तक नव्हते. दुसरा इलाजच नव्हता, म्हणून आले.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या एका कॉलेजने शिस्तीत बसवली आहे. व्हरमाँट राज्यात मिडलबरी हे गाव. तिथे १९१५ सालच्या उन्हाळ्यात लिलियन स्ट्रोबे या प्राध्यापक बाईंनी जर्मन भाषेची शाळा काढली. पुढच्याच वर्षी फ्रेंचची निघाली, १९१७ ला स्पॅनिशची. पुढे रशियन, चिनी, जपानी, अरबी अशा शाळा वाढत गेल्या. महायुद्धाच्या काळात जर्मनांविषयी द्वेष पसरला नि ती पहिली शाळाच बंद पडली. १९३१ ला ती पुन्हा उघडली. २०२० पासून तर त्याच भूमीतल्या अबेनाकी मूळनिवासींची भाषाही तिथे शिकवू लागले.

तिथे एम.ए. करायला येणाऱ्यांत शाळेत भाषा शिकवणारे मास्तर नि बाईही असतात. सुट्टीत सहा-सात आठवडे राहायचे, असे साधारण चार उन्हाळे केले की पदवी. आल्या आल्या लेखी शपथ घ्यावी लागते: जी भाषा शिकायला आलो, तीच बोलू, तीच ऐकू, तीच वाचू, तीच लिहू. वर्गात तीच, जेवणाच्या टेबलावर तीच, खोलीत नि मैदानावरही तीच. शिक्षकही त्यांच्यातच राहतात, जेवतात. शपथ मोडणाऱ्याला घरीसुद्धा पाठवू शकतात.

आता यात मर्म काय? आपल्या गावी विद्वान असलेला माणूसही नव्या भाषेत अडखळतो. शेजारचाही अडखळतो. मग कोण कुणाला हसणार? लाज गेली की जीभ सुटते.

ज्या १९१५ साली मिडलबरीची पहिली शाळा निघाली, त्याच साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब एम.ए. झाले. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले. जर्मन शिकले, १९२२ ला जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव दाखल केले. भाषा ही कुणाच्या वाडवडिलांची मिरास नाही, हे त्यांनी करून दाखवले.

आता घरची गोष्ट सांगतो. आमची मुलगी बी.कॉम. झाली. इंग्रजीचे व्याकरण तोंडपाठ. नोकरीच्या मुलाखतीला गेली नि चार वाक्ये बोलता आली नाहीत. घरी येऊन रडली. आम्ही तिच्यावरच रागावलो, "इतकी वर्षे काय शिकलीस?" ती म्हणाली, "पप्पा, मला कधी कुणी बोलूच दिलं नाही. चुकलं की सगळे हसायचे." त्या हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे तेव्हा ध्यानात आले. चूक आमची होती.

मिडलबरीची फी आपल्या आवाक्यातली नाही. पण शपथेला पैसा लागत नाही. म्हणून आमची सूचना अशी: येत्या मे महिन्याच्या सुट्टीत विहाराच्या वाचनालयात रोज संध्याकाळी एक तास मुलांनी फक्त इंग्रजीत बोलावे. चुकीचे बोलावे, मोडके बोलावे, अडले तर खुणा कराव्यात, पण त्या तासात मराठी नाही. शिकलेल्या पोरा-पोरींनी त्यांच्यात बसावे. आणि आपण आईबापांनी दारातून बघावे, पण हसू नये. ही शपथ मुलांपेक्षा आपल्याला जास्त जड जाईल.

पहिले नाव आमच्या मुलीचे लिहा, शिकवायला. दुसरे आमचे लिहा, शिकायला.