शिक्षकांचा संप : हक्क, कर्तव्य आणि तिसरा मार्ग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संपादित संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी सहसा गौरवाचे विषय निवडले जातात. संयोजकांनी मला मात्र वादाचा विषय दिला आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील शिक्षकांना संप करण्याचा हक्क असावा काय, हा तो प्रश्न होय. या सभागृहात संस्थाचालक आहेत, सेवेतील व सेवानिवृत्त शिक्षक आहेत आणि पालक तर सारेच आहेत. एकाच प्रश्नाच्या तिन्ही बाजू समोर बसलेल्या असताना बोलणे अवघड असले, तरी असा श्रोतृवर्ग वारंवार लाभत नाही.

आपल्या समाजाला हा विषय परका नाही. कुंभोजच्या एका जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले. आपल्या सोलापुरात ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने आणि पंडिता सुमतीबाई शहांच्या श्राविका संस्थेने ज्ञानदानाची परंपरा उभी केली. शाळा चालविणे म्हणजे काय, याची जाण असलेला हा समाज आहे. म्हणूनच शाळा बंद पडणे म्हणजे काय, याचाही विचार त्याने करावयास हवा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनी बेमुदत संप पुकारला. त्यात शिक्षक मोठ्या संख्येने सामील झाले. मुख्य मागणी होती, जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू करा. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली. जुन्या योजनेत अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन निश्चित असे. नव्या योजनेत हाती काय पडेल, हे बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहिले. एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाचे म्हातारपण सुरक्षित आणि दुसऱ्याचे अनिश्चित, असा हा भेद होता. संप सात दिवस चालला आणि २० मार्च रोजी मागे घेतला गेला. शासनाने अभ्यास समिती नेमली. पुढे २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली.

हे सात दिवस कोणते होते, तेही ध्यानात घ्यावे. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा त्या काळात चालू होत्या. त्यामुळे समाजात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येऊ लागले. कोणी म्हणाले, गुरुजींनी मुलांना वेठीस धरले. कोणी म्हणाले, सरकार दुसऱ्या कोणत्या भाषेत ऐकते तरी काय? माझ्या मते दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि आपल्याला मार्ग काढावयाचा आहे तो दोहोंच्या मधून.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संघटना स्थापन करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. परंतु संप हा मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच, बिहारमधील कामेश्वर प्रसाद यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. शांततापूर्ण निदर्शनांना मात्र त्याच निकालाने संरक्षण दिले. २००३ साली तामिळनाडूत लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना संपाबद्दल एका फटक्यात बडतर्फ करण्यात आले. त्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा ना मूलभूत, ना कायदेशीर, ना नैतिक हक्क आहे.

मग शिक्षकाने दाद मागावी कोठे? गिरणी कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याने समेट, लवाद आणि न्यायाधिकरण अशी दारे उघडून दिली होती. गोव्यातील एका शिक्षिकेने त्याच दारावर थाप मारली, तेव्हा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शिक्षक हा त्या कायद्यातील अर्थाने कामगार नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य असल्याने त्याची गणना श्रमिकांत होत नाही. गौरव झाला खरा, पण दार बंद झाले. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आहे आणि शाळा न्यायाधिकरणही आहे. तेथे बडतर्फी, पदावनती, बढतीत डावलले जाणे यांविरुद्ध अपील करता येते. वेतनश्रेणी वा निवृत्तिवेतनाचे धोरण यांचा वाद तेथे चालत नाही. थोडक्यात, आपण शिक्षकाला कामगार मानीत नाही म्हणून लवाद नाकारतो, आणि सेवक मानतो म्हणून संप नाकारतो. ही कोंडी जोवर आपण मान्य करीत नाही, तोवर संपावर केलेली टीका अर्धीच राहील.

सोलापूरकरांना संप नवा नाही. जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्या शहराचे घड्याळ चालत असे, त्या शहराच्या कित्येक घरांनी संपातील उपासमार पाहिली आहे. परंतु गिरणीचा संप आणि शाळेचा संप यांत मूलभूत अंतर आहे. गिरणी थांबली की मालाचा साठा आटतो, मालकाचा नफा बुडतो, आणि म्हणून मालक बोलणी करावयास बसतो. दोन्ही पक्ष झीज सोसतात. शाळा थांबली तर सरकारचे काय बुडते? उलट संपकाळातील वेतन कापले, तर तिजोरीत चार पैसे शिल्लकच पडतात. झीज सोसतो तो तिसराच, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही. आणि तो सहा ते चौदा वर्षांचा असतो.

त्यातही सर्व मुले सारखी झीज सोसत नाहीत. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणी आहे, किंवा ज्यांचे नाव विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आहे, त्यांचे आठ दिवस सहज भरून निघतात. जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेतील मुलाचे तसे नसते. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाच्या मुलाला शाळेखेरीज शिक्षणाचे दुसरे स्थान नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरविले आहे. १९७७-७८ साली महाराष्ट्रात सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला होता. तेवढे दिवस आज शाळा बंद राहिली, तर २२० दिवसांच्या वर्षाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. शिवाय शाळेबरोबर दुपारची खिचडीही बंद होते. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. मुलाच्या ताटातील घास हा कोणत्याही भांडणात डावावर लावण्याची वस्तू नव्हे, ही त्या माऊलीची शिकवण आहे.

एवढे ऐकून काही मंडळी म्हणतील, मग बंदीच घालावी. येथे मी थांबण्याची विनंती करतो. कारण दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. २००१ साली या राज्याने नव्या शाळांसाठी 'कायम विनाअनुदानित' हे धोरण स्वीकारले. त्यांतील 'कायम' हा शब्द निघण्यास २००९ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही प्रत्यक्ष अनुदानासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसावे लागले. पदवी व अध्यापनाची अर्हता घेतलेला माणूस सकाळी शाळेत शिकवितो आणि सायंकाळी दुकानात हिशेब लिहितो, हे दृश्य महाराष्ट्राने पाहिले आहे. निवेदने दिली गेली, शिष्टमंडळे भेटली, आश्वासने मिळाली. ज्याच्या हाती काहीच दबाव नाही, त्याचे निवेदन फायलीत झोपते. आणि अन्याय मुकाट्याने सोसणारा गुरू मुलांना नागरिकशास्त्र शिकविणार तरी कसे?

जगानेही या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही. जर्मनीत सरकारी अधिकाऱ्याचा दर्जा असलेल्या शिक्षकांना संपाची मनाई आहे. २०१८ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने आणि २०२३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती उचलून धरली. मात्र त्या बदल्यात त्यांना आजीव नोकरीची शाश्वती आणि यथोचित वेतनाची घटनात्मक हमी आहे. फ्रान्समध्ये शिक्षकाला संपाचा हक्क आहे. परंतु २००८ च्या कायद्यानुसार प्राथमिक शिक्षकाला आपला सहभाग दोन दिवस आधी कळवावा लागतो आणि संपाच्या दिवशीही मुलांच्या सांभाळाची व्यवस्था करावी लागते. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी १९६६ साली शिक्षकांच्या दर्जाविषयी केलेल्या शिफारशीत वाद मिटविण्यासाठी संयुक्त यंत्रणा असावी, आणि ती निष्फळ ठरल्यास इतर संघटनांना खुले असणारे मार्ग शिक्षकांनाही खुले असावेत, असे म्हटले आहे. जो देश हक्क काढून घेतो तो बदल्यात काही देतो, आणि जो हक्क देतो तो त्याला मर्यादा घालतो. आपण मात्र हक्क काढून घेतला आणि बदल्यात काही दिले नाही.

मग तिसरा मार्ग कोणता? तो शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९१८ साली अहमदाबादेत गिरणी कामगारांचा लढा झाला. प्लेगच्या काळातील जादा भत्ता मालकांनी बंद केला होता. मालकांच्या बाजूस अग्रभागी होते जैन कुटुंबातील उद्योगपती अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूस उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. महात्मा गांधींनी ३५ टक्के वाढीची मागणी योग्य ठरविली आणि अखेरीस उपोषण केले. त्या उपोषणाचे दडपण मालकांवर आले, हा दोष गांधीजींनी पुढे स्वतःच नमूद केला आहे. मालकांवर आलेले दडपणही ज्यांना बोचले, त्यांना लहान मुलांवर येणारे दडपण कसे वाटले असते, याचा विचार करावा. तो तंटा अखेरीस मिटला तो लवादाने. लवाद म्हणून निवडले गेले आनंदशंकर ध्रुव, म्हणजे एक शिक्षकच. त्यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. भाऊ-बहिणीच्या मध्ये उभ्या राहिलेल्या तंट्यात दोघांनाही मान्य असा तिसरा माणूस सापडला, यातच त्या लढ्याचे खरे यश आहे.

आपल्या देशात याचा नमुना आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६६ साली संयुक्त सल्लामसलत यंत्रणा सुरू झाली. वेतन व भत्ते, कामाचे तास आणि रजा या विषयांत मतभेद राहिल्यास सक्तीच्या लवादाची तरतूद तीत आहे. राज्यातील शाळांच्या शिक्षकांना ते दार खुले नाही. माझे म्हणणे असे की, ते उघडावे. वेतन व निवृत्तिवेतनाचा वाद ठरावीक मुदतीत लवादापुढे जावा आणि निवाडा शासनावरही बंधनकारक असावा. हे दार उघडे असेल, तोवर शिक्षकांनी संपाचे नाव काढू नये. मात्र शासनाने लवाद नाकारला किंवा निवाडा पाळला नाही, तर संपाचा हक्क कायद्याने मान्य व्हावा. तोही मर्यादेत, पुरेशी पूर्वसूचना द्यावी, परीक्षांचा काळ वगळावा, मुलांचा आहार चालू ठेवावा आणि बुडालेले दिवस सुट्टीत भरून काढावेत. संप नको असेल, तर न्यायाची हमी द्यावयास हवी. हमी न देता बंदी घालणे हा केवळ बळाचा वापर होय.

आता आपल्या घरातील गोष्ट. सरकारकडे बोट दाखविताना संस्थाचालकांनी आपल्याकडेही पाहावे. कागदावर एक वेतन आणि हाती दुसरे, अशी रीत काही ठिकाणी आहे, हे आपण सारे जाणतो. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या कोणत्याही संस्थेला ती शोभत नाही. मंदिराच्या शिखरासाठी आपण सढळ हाताने देतो. त्याच हाताने विनाअनुदानित तुकडीवरील शिक्षकाचे वेतन दर महिन्याच्या ठरल्या तारखेस पूर्ण द्यावे. ज्या संस्थेत शिक्षकाला विश्वस्तांपुढे मोकळेपणाने बोलता येते, तेथील बरेच तंटे रस्त्यावर जाण्यापूर्वीच मिटतात. आणि पुन्हा कधी शाळा बंद पडल्या, तर समाजाचे सभागृह आसपासच्या सर्व जाती-धर्मांच्या मुलांसाठी उघडावे. त्यांना दुपारचे जेवण आणि वाचावयास चार पुस्तके मिळावीत. हे संप मोडणे नव्हे आणि संपात उतरणेही नव्हे. ज्याचा भांडणाशी संबंध नाही, त्याला झळ लागू न देणे एवढेच ते आहे.

पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते ती इमारतीमुळे नव्हे, तर तंट्याच्या वेळीही परस्परांशी बोलत राहिलेल्या माणसांमुळे टिकते. हा बोलण्याचा मार्ग शिक्षकांसाठी खुला व्हावा, असा ठराव या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण शासनाकडे पाठवावा, अशी सूचना करतो. 

जय जिनेंद्र.