व्यसनमुक्तीसाठी सोबत हवी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त हिंगणी येथील सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मला आज जो विषय मांडावयाचा आहे, तो आपल्या सभेत सहसा निघत नाही. सप्तव्यसनांत मद्य येते, हे आपण पाठशाळेतच शिकतो. त्यातून आपला वर्धा जिल्हा गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून दारूबंदीचा. तरीही दारू माझ्या घरात आली. माझा धाकटा बंधू मद्यपी होता. त्याच्या संमतीनेच मी हे सांगत आहे.

प्रथम आम्ही ते लपविले. तो दुकानात नसला की 'वसुलीला गेला आहे' असे मी गिऱ्हाइकांना सांगत असे. गल्ल्यात रक्कम कमी भरे, ती मी माझ्या खाती टाकीत असे. मी बी. कॉम. झालेला माणूस, खोटी नोंद कशास म्हणतात हे मला चांगले कळत होते. पुढे त्यास मुनिश्रींच्या चरणी नेले. त्याने आजन्म त्यागाचा नियम घेतला. चार महिन्यांत तो मोडला. पुन्हा घेतला, पुन्हा मोडला. त्या लाजेने तो मंदिरात येईनासा झाला आणि लाज विसरण्यासाठी अधिकच पिऊ लागला. नियमात उणीव नव्हती. आजारी माणसाने तो एकट्याच्या बळावर पाळावा, ही आमची अपेक्षा चुकीची होती.

एका दशलक्षण पर्वात त्याने दारू एकाएकी बंद करून उपवास धरला. आम्हांस केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून तो ओरडू लागला. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. सुदैवाने आम्ही मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठले. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो, असे तेथे कळले. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. आपल्याकडे सेवाग्राम आणि सावंगी ही मोठी रुग्णालये जवळ आहेत. माता-भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण पर्वकाळात 'आता तरी सोडा' असा आग्रह घरोघरी होतो.

डॉक्टर मला म्हणाले, औषध पहिले काही दिवस सांभाळील. पुढची वर्षे कोण सांभाळणार? त्यांनीच नागपूरच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाची माहिती दिली. या संघटनेचा उगम व्यापाऱ्याने ऐकण्यासारखा आहे. १९३५ साली न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर बाजारातील माणूस अमेरिकेतीलच अ‍ॅक्रन गावी गेला असता त्याचा सौदा फसला. हॉटेलातील मद्यगृह समोर होते. त्याने आत न जाता दूरध्वनी उचलला आणि आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधून काढला. ते होते शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ. दोघे बोलत बसले. त्यातूनच पहिला गट उभा राहिला. महाराष्ट्रात याच मार्गाने अनेक जण सावरले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, सुरू केलेले मुक्तांगण तर सर्वांस परिचित आहेच.

पहिल्या सभेस मी बंधूसोबत गेलो. खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येते. एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगे व म्हणे, 'मी मद्यपी आहे.' उपदेश कोणी केला नाही. परतीच्या बसमध्ये बंधू म्हणाला, "दादा, आज पहिल्यांदा मला कोणी समजावलं नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा वर्षे मी समजावण्यापलीकडे काय केले होते?

त्यांच्या पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. कर्ता ईश्वर आपण मानत नाही, म्हणून मी शंका विचारली. 'ज्याला जशी समजेल तशी शक्ती' एवढेच उत्तर मिळाले. बंधूने गटालाच ती शक्ती मानले. केलेले अपराध दुसऱ्यापुढे उघड करणे, ज्यांना दुखविले त्यांची भरपाई करणे, या पायऱ्या आलोचना आणि क्षमावाणी जाणणाऱ्यास परक्या वाटू नयेत. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन हा वेगळा गट आहे. भावजय तेथे जाऊ लागली.

मी देणगीचे पाकीट पुढे केले, ते त्यांनी परत केले. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत. सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून खर्च भागवितात. व्यापाऱ्याची देणगी नाकारणारी संस्था मी प्रथमच पाहिली!

दोन-तीन मद्यपी एकत्र आले तरी गट होतो. आज बंधू आणि परिसरातील दोघे माझ्या दुकानाच्या माळ्यावर ताग्यांच्या थप्प्यांत बसतात. दर गुरुवारी सायंकाळी धर्मशाळेची मागील खोली त्यांना मिळावी, अशी विश्वस्तांस विनंती आहे. बाहेरच्या समाजाचे लोक येतील, ट्रस्टच्या नावाला बट्टा लागेल, अशी शंका काहींनी बोलून दाखविली. येणारा माणूस दारू सोडण्यासाठी येणार आहे, एवढेच मी त्यांना सांगतो. भाडे ते देतील. पावती गटाच्या नावाने फाडावी, कोणा व्यक्तीचे नाव घालू नये.

निर्णय होईपर्यंत ज्यांना गरज असेल त्यांनी दुकानी यावे. माळ्याचा जिना आतून आहे. कापड घ्यावयास आला, असेच पाहणाऱ्यास वाटेल.

जय जिनेंद्र.