सही तुमची, शरीर अम्मीचं



तुम्ही बहुतेक विशी-पंचविशीतले. घरात दवाखान्याचे कागद वाचणारे तुम्हीच, आणि अम्मीच्या किंवा खालाच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर सहीही बऱ्याचदा तुमचीच. म्हणून गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल मी मुलांसमोरही बोलणार आहे. माना खाली घालू नका.

बीडची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ऊसतोड कामगार बायकांबद्दल २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, त्यात पाळीचा त्रास, आणि डॉक्टर म्हणणार, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. अंगावरून पांढरं जातं म्हणूनसुद्धा पिशव्या काढल्या गेल्या! हे फक्त फडावरचं नाही. आपल्या मोहल्ल्यातही 'मुलं झाली, आता पिशवी काय कामाची' हे वाक्य मी कितीदा ऐकलंय.

साध्या गाठीचा, फायब्रॉइडचा, कॅन्सर होणं फार दुर्मीळ. पाळी थांबल्यावर गाठी बहुधा आक्रसतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, नुसती गाठही काढता येते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी एकदम बंद होते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. कधी ऑपरेशन खरंच लागतं, हेही सांगते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तपासणी लांबवू नका. आणि जीवावर बेतलं असेल तेव्हा दुसरं मत शोधत फिरायचं नाही.

दिल्लीतल्या समीरा कोहलींचा खटला लक्षात ठेवा. त्यांनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संमती धरली नाही. बाई सज्ञान आहे, तातडी नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची सही चालली नाही, तर मुलाची, नवऱ्याची कशी चालेल?

'डॉक्टरसाहेबांना राग येईल' ही भीती मला कळते. पण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. लग्न ठरवताना आपण दहा जणांचा मशवरा घेतो, इथे एकाचाही नको?

सोनोग्राफीचा रिपोर्ट, हिमोग्लोबिन, बायोप्सी झाली असेल तर तिचा कागद, सगळं सोबत घ्या. दुसरा डॉक्टर त्याच हॉस्पिटलचा नको. पैसे नसतील तर घाटी, ससून, कामा आहेत. रांग लागते, लागू द्या. पहिल्याने काय सांगितलं ते आधी बोलू नका, त्यांना तपासू द्या. मग विचारा : तीन महिने थांबलो तर काय होईल? ऑपरेशनशिवाय काय करता येईल? अंडाशयं राहणार का?

आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा. किती कपडे भिजतात हे अम्मी तुमच्यासमोर सांगणार नाही.