जवळचें काम आणि तोकडी मजुरी

स्त्रीला पुरुषापेक्षां कमी पैसे कां मिळतात, हा प्रश्न आपण नेहमीं मजुरी वांटण्याच्या ठिकाणीं विचारतों. माझ्या मतें तो पुष्कळ आधीं, काम शोधण्याच्या वेळींच विचारला पाहिजे.

भंडारा जिल्ह्यांतील सानगडी घ्या. साकोली तालुक्यांतील हें किल्ल्याचें गांव, मुलूख धानाचा. रोवणी-कापणी आटोपली म्हणजे मजुराला दुसरें काम पाहावें लागतें. पुरुष साकोलीस जातो, भंडाऱ्यास जातो, नागपूरची वाट धरतो. चार ठिकाणीं दर विचारतो, न पटल्यास पांचवें दार ठोठावतो. त्याच्या घरची बाई कोठें जाणार? सायंकाळीं चूल पेटली पाहिजे, लेकरूं सांभाळलें पाहिजे. या जिल्ह्यांत अशा बायकांना पुष्कळ वर्षें घरबसल्या मिळालें तें विड्या वळण्याचें काम. ठेकेदारानें तेंदूपान व तंबाखू मोजून द्यावा, तिनें विड्या वळाव्या, त्यानें कांहीं वाईट म्हणून बाजूला काढाव्या व उरलेल्यांचे हजारामागें पैसे मोजावे. घर सोडतां न येणाऱ्या बाईला काम देणारा एकच; मग दर कोण ठरविणार हें सांगावयास नको. याला बायकांची आवड म्हणणारेही आहेत! आवड कळण्यास निदान दोन वाटा तरी पुढें हव्यात.

हें केवळ खेड्याचें दुखणें नव्हे. फ्रान्समधील बेकारांच्या नोंदींवरून २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, घराजवळच्या नोकरीसाठीं स्त्रिया कमी पगार पत्करतात. इतर बाबी सारख्या धरून उरणाऱ्या वेतनभेदापैकीं सुमारें १४ टक्के भाग एवढ्यानेंच उलगडतो. अमेरिकेंत बोस्टन विद्यापीठाच्या पदवीधरांतही मुली मुलांच्या आधीं नोकरी स्वीकारतात, असें आढळलें. मुलगे धाडसानें, आणि थोड्या फाजील आशेनेंही, थांबून राहतात. आपल्या घरीं तरी काय होतें? मुलीला ‘जवळ आहे, घेऊन टाक’ म्हणतों. मुलाला ‘घाई कसली’ म्हणून आणखी सहा महिने पोसतों.

समान वेतनाचा कायदा १९७६ सालीं झाला. भरतींतही भेद करूं नये असें त्यांत होतें. पण जी त्या दारापर्यंत पोंचलीच नाहीं, तिला त्याचा काय उपयोग? रोजगार हमीच्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानें काम शक्यतों ५ किलोमीटरच्या आंत द्यावें, त्याहून दूर असल्यास १० टक्के मजुरी अधिक द्यावी, लहान मुलांना सांभाळण्याची सोय करावी आणि स्त्री-पुरुषांस दर एकच ठेवावा, असें ठरविलें. पुढें देशभर त्या कामांवरचे निम्म्याहून अधिक दिवस स्त्रियांनींच भरले.