डब्याच्या आतली जागा

आमच्या सुरतेहून मुंबईस जाणाऱ्या फ्लाइंग राणीचे दुमजली डबे १९७९ साली आले आणि जुलै २०२३ मध्ये काढून घेण्यात आले. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांतील एका डब्याची सत्त्याऐंशीपट लहान प्रतिकृती केली. छप्पर बसविण्यापूर्वी आतली बाके रंगविली. खिडक्यांतून उजेड थोडाच शिरतो, म्हणून रंग फिका, चकाकी नसलेला घेतला. मग चिमुकले उतारू बसविले. एका मुलाने मात्र खिडकीजवळची एक जागा रिकामी ठेवली. त्याचे दिवंगत वडील याच गाडीने कामावर जात असत. छप्पर बसल्यावर ती जागा क्वचितच कोणास दिसेल. तरी त्याने तिला रंगाचा दुसरा हात दिला. न दिसणारे कामही मनापासून करावे, हे त्या दिवशी शिक्षकच शिकला.