मी पुन्हा उभी राहतेय

(भागाचा लिखित मजकूर)

आजचा भाग आंजर्ल्यातून, माझ्या पडवीतून. मागे जो आवाज येतोय तो समुद्राचा नाही हं, पंपाचा आहे. शेजारी पोफळींना शिंपणं चाललंय. थोडं सहन करा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की, ताई, संघटनेत पद घेऊन मिळतं काय? आज त्यावरच बोलते, कारण प्रश्न माझ्याच गळ्याशी आलाय. मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या तालुक्याच्या संघटनेत मागच्या वेळी अध्यक्षपदाला उभी राहिले आणि पडले. या वेळी परत अर्ज भरतेय. घरचे म्हणतात, एकदा हसं झालं ते पुरे नाही का?

आधी थोडं मागे जाऊ. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला सरकारी पाटीवरून माहीत आहे. पण सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधीची. १९२६ साली भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. बालशिक्षण करणाऱ्यांची ही संघटना. ताराबाईंनी तिथे चिटणिसाचं काम केलं. म्हणजे काय, तर पत्रं लिहायची, संमेलनं भरवायची, पैसे जमवायचे, शिक्षिका तयार करायच्या. ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालवायची. मखरात बसायचं पद नव्हतं ते.

याच संघाचं काम १९४५ साली बोर्डीला खेड्यात गेलं. अनुताई वाघ तिथे ताराबाईंना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं शाळेत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणी गुरांमागे. मग या बायकांनी काय केलं? शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ ला काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. येत नाहीत म्हणून मुलांना नावं ठेवत बसल्या नाहीत त्या.

हे सगळं मला पाठ होतं. सेविकांच्या बैठकीत मी छान सांगायचे. आणि तरीही मागच्या निवडणुकीत मी नेमकं उलटं वागले.

झालं असं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर पत्रे उडाले, कौलं गेली, पोफळी-नारळ आडवे झाले. त्या वेळी मी आणि दोघी-तिघींनी मिळून कोणत्या अंगणवाडीचं छप्पर गेलंय, कुठे धान्य भिजलंय, याची यादी करून दिली होती. त्यामुळे नाव झालं. लोक म्हणाले, तू उभी राहा. मला वाटलं, आता काय, निवडूनच आले!

प्रचार कसा केला? व्हॉट्सअ‍ॅपवर. सुंदर मजकूर, फोटो, मुद्दे. मुद्देही सगळे माझ्या मनातले. पोषण ट्रॅकर अ‍ॅप, रेंज नसणं, एकाच मुलाची माहिती रजिस्टरातही लिहा आणि फोनमध्येही भरा. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण निकाल लागला आणि मी अकरा मतांनी गेले.

नंतर एक मदतनीस मावशी एसटी स्टँडवर भेटल्या. मी विचारलं, “मावशी, तुम्ही तरी मला मत दिलंत ना?” त्या म्हणाल्या, “नाही गो बाय. तू मत मागायला मेसेज पाठवलास. माझ्याकडे बटणांचा फोन आहे.” आणि पुढे म्हणाल्या, “तुझ्या यादीत आम्ही होतोच कुठे?”

खरंच नव्हत्या. चूल त्या पेटवतात, मुलांना घरून आणतात, खोली झाडतात. मानधन सेविकेपेक्षा कमी. मदतनिसाची सेविका कधी आणि कशी होते, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी तो विचारलाच नव्हता. मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्यांच्या गोष्टी सांगणारी मी, स्वतः मात्र बायकांच्या अंगणात गेले नव्हते.

मग परत का उभी राहतेय? एका कागदासाठी.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा अंगणवाडी सेविका-मदतनिसांनाही लागू होतो. हिशोब सोपा आहे. शेवटचा महिन्याचा मोबदला भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. समजायला दहा हजार धरा आणि वीस वर्षं. एक लाख पंधरा हजारांच्या वर रक्कम होते. आयुष्यभर ‘मानधन’ घेतलेल्या बाईसाठी हे काय आहे, तुम्हीच विचार करा.

पण निकाल काही आपल्या पायांनी घरी येत नाही. दावा मांडायचा तर नेमणुकीचा आदेश लागतो, रुजू झाल्याची तारीख लागते, मानधनाची नोंद लागते. आणि कितीतरी जणींचा आदेश पत्र्याच्या ट्रंकेत आहे, नाहीतर वादळात भिजून लगदा झालाय. कुणीतरी गावोगाव जाऊन ते कागद गोळा करायला हवेत, नक्कल मागणीचे अर्ज लिहायला हवेत. अध्यक्षाचं काम माझ्या मते एवढंच आहे. भाषण त्यानंतर.

म्हणून या वेळी अर्ज भरायच्या आधीच फिरतेय. मुर्डी, केळशी, आडे. रविवारी आणि अंगणवाडी सुटल्यावर. वही घेऊन जाते. आधी मदतनिसांशी बोलते, मग सेविकांशी. मत मागत नाही. कागद आहे का, एवढं विचारते. माझी सूचक एक सेविका आहे आणि अनुमोदक त्याच मावशी, बटणांच्या फोनवाल्या. तीन गोष्टी वहीवर लिहून सही करून दिल्यात त्यांना. वर्गणीचा हिशोब दर बैठकीत वाचून दाखवणार. कार्यकारिणीत मदतनीस असतीलच. आणि दुसऱ्यांदा निवडून आले, तरी तिसऱ्यांदा उभी राहणार नाही.

पडेन का? पडेनही. समोरच्या ताई चांगल्या आहेत, जुन्या आहेत. पडले तर वही त्यांच्या हातात देणार, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. त्या हसल्या. म्हणाल्या, “मग मीच जिंकलेली बरी, आयती वही मिळेल!”

आता तुमचं काम. तुमची आई, काकू, शेजारची मावशी अंगणवाडीत असेल, तर आज तिला नेमणुकीचा आदेश शोधायला सांगा. तुमच्या हातात चांगला कॅमेरा आहे. स्वच्छ उजेडात फोटो काढा, दोन ठिकाणी जपून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि आदेश सापडला नाही, तर तेही लिहून ठेवा, कारण तिथूनच सुरुवात करायची आहे.

निकाल काय लागतो ते कळवीनच. पंप बंद झाला बघा. चला, भेटू पुढच्या भागात.